शकुंतलेचे डिझेल इंजिन

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिले नाही. मध्यंतरी डोळ्याचे ऑपरेशन झाले, मग पाहुणे, मग उन्हाळा. असो.

परवा धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, तू म्हणे आता कॉम्प्युटर दुरुस्त करतेस!" ही बातमी तिच्याच चिरंजीवांनी, म्हणजे माझ्या पुण्याच्या भाच्याने फोडलेली दिसते. दुरुस्त वगैरे मी काही केलेले नाही. पण जे झाले त्यावरून माझे एक मत पक्के झाले आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आपल्याकडे यंत्र हळू चालायला लागले की माणूस आधी खिशात हात घालतो आणि डोके नंतर खाजवतो. दुकानदार तर वाटच पाहत असतो. विषय ग्राफिक्स कार्डाचा आहे. हसू नका! बीए मराठीच्या बाईने ग्राफिक्स कार्डावर लिहू नये असा काही नियम नाही.

माझा एक जुना विद्यार्थी आर्णी रोडला एका खोलीत नकाशे काढायचे काम करतो. घरांचे नकाशे. आयटीआयमध्ये आरेखक स्थापत्य हा ट्रेड केला, काही वर्षे एका इंजिनिअरकडे काढली आणि मग स्वतःचे बस्तान मांडले. शाळेत असताना त्याची भूगोलाची वही मी वर्गात फिरवायची, इतके त्याचे नकाशे नेटके. बाकीच्या विषयांबद्दल न बोललेले बरे. दिवाळीला, गुरुपौर्णिमेला न चुकता येतो. या खेपेस आला तेव्हा चेहरा उतरलेला.

"काय रे, काय झालं?"

"काही नाही जी बाई. मशीन बसून गेली. रेष ओढली का मंग तिकडून चहा पिऊन या, तवा दिसते."

दुकानात दाखवून आला होता. दुकानाचे नाव लिहीत नाही. तिथे त्याला सांगितले, की ग्राफिक्स कार्ड जुने झाले. नवे मोठे कार्ड टाकायचे तर पॉवर सप्लाय बदलावा लागेल, मग बोर्डही बदलावा लागेल, त्यापेक्षा अख्खे मशीनच नवे घ्या. एक लाख दहा हजार.

"अन् पैसे?"

"बायकोची पोत हाय ना. सोनेतारणात ठेवतो. वर्षभरात सोडवून घेईन."

मी काही बोलले नाही, पण मला ते लागले. त्याच्या लग्नाला मी गेले होते. ती पोत मी पाहिलेली आहे.

"थोडे थांबता येणार नाही का?" मी विचारले.

"बाई, गिऱ्हाइकापुढं मशीन अटकली का इज्जत जाते. मांगच्या महिन्यात एक बंगलेवाला उठून गेला ना जी."

त्याचेही चूक नव्हते. हल्ली नुसता नकाशा काढून भागत नाही. लोकांना घर बांधायच्या आधी ते कसे दिसेल हे मोबाइलवर पाहायचे असते. त्याला ते "थ्रीडी इलेव्हेशन" म्हणतात. शिवाय मंजुरीचे कामही संगणकावर गेले. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही भाग सोडून राज्यभर एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. नकाशा तपासणारी सॉफ्टवेअर आहेत. पुण्याच्या सॉफ्टटेक कंपनीचे ऑटोडीसीआर तर थेट नकाशाची फाइल वाचून किती जागा सोडली, किती बांधली हे नियमांशी ताडून पाहते. म्हणजे ज्याचा संगणक बसला त्याचा धंदा बसला. टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपर घेऊन आता कोणी पोट भरू शकत नाही.

हा मुलगा नकाशे ऑटोकॅड एलटीमध्ये काढतो आणि इलेव्हेशन स्केचअपमध्ये. (ऑटोकॅड रीतसर वर्गणी भरून वापरतो. कंपनीने २०१६ पासून कायमचा परवाना विकणे बंद केले, त्यामुळे दरवर्षी पैसे मोजावे लागतात. चोरून वापरणारे गावात पुष्कळ आहेत, आणि ते याला वेड्यात काढतात. मला मात्र त्याचे कौतुक वाटते, हे इथे लिहून ठेवते.)

त्या रात्री मी पुण्याला भाच्याला फोन लावला. तो यंत्रांचे भाग संगणकावर आखणाऱ्या एका कंपनीत आहे. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मावशी, त्याला म्हणावं आठ दिवस काही विकत घेऊ नकोस. आधी मशीन हळू कशानं आहे ते तर कळू दे." तेवढ्यासाठी दुसऱ्या दिवशी मीच ऑटो करून आर्णी रोडला गेले. भाच्याला व्हिडिओ कॉल लावला, मोबाइल माझ्या हातात.

भाच्याचा पहिला प्रश्न ऐकून मला वाटले हा थट्टा करतो आहे. "मावशी, मॉनिटरची वायर डब्याच्या मागे वर लागली आहे की खाली?"

डबा भिंतीला टेकून होता. ओढून पुढे घेतला, मागे जळमटे. चष्मा सावरून पाहिले. वायर वर लागलेली होती, माउस-कीबोर्डच्या भोकांशेजारी. खाली, आडव्या फटीत, तसेच आणखी एक भोक होते आणि त्याला प्लॅस्टिकचे टोपण अजून तसेच होते. "वर आहे रे," मी म्हटले. पलीकडून भाचा एकदम हसला.

झाले होते असे, की २०२२ साली या मुलाने पंधरा हजारांच्या आसपास मोजून एनव्हिडियाचे जीटीएक्स १६५० कार्ड बसवून घेतले होते. वरची भोके मूळ बोर्डाची, खालची त्या कार्डाची. बसवणाऱ्याने कार्ड बसवले आणि मॉनिटरची वायर परत बोर्डालाच जोडली. काही मशीनमध्ये असे केले तर पडदा काळाच राहतो आणि चूक लगेच कळते. याच्या मशीनमध्ये प्रोसेसरच्या पोटातच एक लहानसे ग्राफिक्स असल्याने चित्र दिसत राहिले. त्यामुळे कोणाला शंका आली नाही. तीन वर्षे ते कार्ड आत नुसते बसून होते, वीज खात!

वायर खाली लावली. कार्डाचा ड्रायव्हर जुना होता तो बदलला. ड्रायव्हर म्हणजे दुभाषी समजा; सॉफ्टवेअर काय म्हणते ते कार्डाला समजावून सांगणारा. कार्ड कितीही तगडे असो, दुभाषी अडाणी असेल तर काम अडते. एनव्हिडिया २०१९ पासून खेळांसाठी वेगळा आणि असल्या आखणीच्या कामांसाठी वेगळा, स्टुडिओ नावाचा ड्रायव्हर देते. भाच्याने तो टाकायला लावला. आणि एक गोष्ट बजावली, की नवा ड्रायव्हर आला की डोळे मिटून घ्यायचा असे नाही. त्यांच्या कंपनीत सॉफ्टवेअरवाल्यांनी तपासून मान्य केलेलाच ड्रायव्हर ठेवतात, मग तो सहा महिने जुना असला तरी चालतो. मला हे फार आवडले. शिक्षण खात्याला हे कोणी सांगितले असते तर... जाऊ द्या.

स्केचअप उघडले. एका दुमजली घराचे मॉडेल होते. आधी ते फिरवताना गचके खात होते, आता भोवऱ्यासारखे फिरायला लागले. मुलगा माझ्याकडे पाहत राहिला. मी काहीच केले नव्हते, पण श्रेय घेतले!

इथे गोष्ट संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. कारण मग त्याने ऑटोकॅडचा तो अटकणारा नकाशा उघडला, आणि तो पहिल्यासारखाच अटकला. काडीचा फरक नाही.

भाच्याने टास्क मॅनेजर उघडायला सांगितला. त्यात प्रोसेसर किती काम करतो, मेमरी किती भरली, डिस्क किती चालते, कार्ड किती चालते, सगळे आकड्यांत दिसते. फुकट आहे, प्रत्येक विंडोजमध्ये आहे. नकाशा अटकलेला असताना कार्ड जवळपास रिकामे, आणि प्रोसेसर १३ टक्के. मी म्हटले, "अरे, मग हा तर आरामात आहे. अटकतो कशाला?"

भाचा म्हणाला, "मावशी, याच्या प्रोसेसरला आठ धागे आहेत. शंभराला आठाने भाग."

साडेबारा. म्हणजे आठांतला एक जण जीव तोडून काम करत होता आणि सात जण बसून होते!

आता हे मी माझ्या पद्धतीने सांगते. चाळीस वर्षे वर्ग घेतले, मला तीच भाषा येते. संगणकाचा प्रोसेसर म्हणजे वर्गातली चार-आठ हुशार मुले. कोणतेही अवघड गणित द्या, सोडवतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे हजारभर साध्या मुलांची शाळा. एकेकट्याला अवघड गणित जमणार नाही, पण मोठ्या नकाशाचे हजार चौकोन करून प्रत्येकाला एक रंगवायला दिला तर एका मिनिटात नकाशा रंगून तयार. घर फिरवून दाखवणे हे चौकोन रंगवायचे काम आहे, तिथे शाळा कामी येते. पण आखणीच्या सॉफ्टवेअरमध्ये बरेचसे काम असे असते, की आधीची पायरी झाल्याशिवाय पुढची करता येत नाही. ही रेष त्या रेषेला कुठे छेदते, त्यावरून ती भिंत किती लांब, त्यावरून ते माप... हे एकाच मुलाने क्रमाने सोडवायचे गणित आहे. ऑटोकॅडचे बहुतांश काम प्रोसेसरच्या एकाच धाग्यावर चालते, हे खुद्द ते बनवणारी ऑटोडेस्क कंपनीच सांगते. तिथे तुम्ही बाहेर हजारांऐवजी पाच हजार मुले आणून बसवा, उत्तर लवकर येणार नाही.

आमच्या यवतमाळकरांना हे समजायला खरे तर उदाहरण घरातच आहे. आपली शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी ती छोट्या रुळांची गाडी. १९२३ सालापासून तिला मँचेस्टरहून आलेले वाफेचे इंजिन होते. १९९४ साली ते काढून डिझेल इंजिन लावले. कोळसा गेला, पाणी भरायचे थांबे गेले. पण गाडी पळायला लागली का? रूळ तेच, खालची जमीन तीच. इंजिनात कितीही दम असला तरी रूळ झेपेल तेवढ्याच वेगाने चालवावे लागणार. आता ती गाडी धावतही नाही. सांगायचे एवढेच, की ढिलाई कोणत्या जागी आहे हे न पाहता दुसऱ्याच जागी पैसा घातला तर डिझेल इंजिनाची शकुंतला होते.

त्या नकाशाची ढिलाई फाइलमध्येच निघाली. दुसऱ्या कोणाकडून आलेल्या फाइलवर याने आपले घर काढले होते. त्या फाइलमध्ये कुठली कुठली न वापरलेली चित्रे, झाडे, मोटारी, अक्षरांचे नमुने साठलेले. दिसत काहीच नाही, पण ओझे आहेच. ऑटोकॅडमध्ये पर्ज नावाची आज्ञा आहे, ती असला कचरा काढून टाकते. ३८ एमबीची फाइल ६ एमबीची झाली. भिंतींच्या आत बारीक तिरप्या रेघा भरलेल्या होत्या, त्या जरा विरळ केल्या. नकाशा चालायला लागला. लगेच दिसण्याइतका फरक पडला.

मग डब्याचे झाकण काढले. आतली धूळ पाहून मला शाळेच्या कोठीची आठवण झाली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, खोलीवर टिनाचे पत्रे, दार रस्त्यावर. कार्ड काय नि प्रोसेसर काय, फार तापले की स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच कमी करतात. नवे लाखाचे मशीन आणून त्याच कोपऱ्यात, त्याच धुळीत ठेवले असते तर पुढच्या उन्हाळ्यात हेच रडगाणे झाले असते.

शेवटी खर्च झालाच, नाही असे नाही. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली आणि एक रॅमची पट्टी वाढवली. आठ-नऊ हजार गेले. पोत घरात राहिली.

मला राग दुकानदाराचा फारसा आला नाही. विकणे हा त्याचा धंदाच आहे. राग आला तो आम्हा शिकवणाऱ्यांचा. या मुलाला दोन वर्षे ट्रेड शिकवला, आज्ञा पाठ करून घेतल्या, परीक्षा घेतली. पण हे यंत्र आतून कसे चालते, ते हळू चालले तर कुठे पाहायचे, हे त्याला कोणी सांगितले नाही. आम्हीही शाळेत तेच केले. नकाशा काढायला शिकवला, प्रमाण म्हणजे काय ते मात्र पाठ करून घेतले. ज्या अवजारावर माणसाचे पोट आहे त्याची ओळख ही शिक्षणातली वरची पायरी नव्हे, पहिली असायला हवी. सुताराच्या हाताखालचा पोरगा आधी पटाशीला धार लावायला शिकतो. संगणकाच्या वर्गात मात्र झाकण उघडले तर मास्तर ओरडतात.

भाच्याशी बोलता बोलता आणखी एक गंमत कळली. मराठीच्या बाईला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८२ साली, म्हणजे ऑटोकॅड आले त्याच वर्षी, हर्क्युलिस नावाचे एक ग्राफिक्स कार्ड निघाले. ते पुढे आखणीच्या कामाला फार वापरले गेले. पण ते बनवणारे व्हॅन सुवन्नुकुल हे थायलंडचे. त्यांना आपला प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता आणि पडद्यावर थाई अक्षरे उमटत नव्हती, म्हणून त्यांनी ते कार्ड केले! आणि आपल्याकडेही तसेच. आयआयटी कानपूरला सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट कार्ड. मोहन तांबे यांचे त्यात मोठे काम. संगणकात ते कार्ड खोचले की पडद्यावर देवनागरी दिसायची. आणि सी-डॅक ज्यांनी उभे केले ते डॉ. विजय भटकर आपल्या जवळच्या अकोला जिल्ह्यातले, मूर्तिजापूरकडचे. म्हणजे शकुंतलेच्याच रुळांवरचे! आज हे मी तुमच्यासाठी मराठीत टंकते आहे आणि त्याला वेगळे कार्ड लागत नाही. पण एकेकाळी लागत होते, आणि तेव्हा ज्यांनी केले त्यांनी आधी नेमके अडते कुठे हेच शोधले होते.

एक सांगायला हवे, नाहीतर माझे म्हणणे एकांगी होईल. त्या दिवशी मी घाबरलेही होते. भाच्याचे चुकले असते आणि मुलाचे आणखी एक गिऱ्हाईक गेले असते तर? दुसऱ्याच्या धंद्यात नाक खुपसायचा मला काय अधिकार? तो माझा विद्यार्थी आहे म्हणून बोलला नसता, एवढेच.

आणि नवे कार्ड कधी लागतच नाही असे माझे मुळीच म्हणणे नाही. मागच्या महिन्यात तो पुन्हा आला. एका गिऱ्हाइकाला आता घराचा चालता व्हिडिओ हवा आहे, अंगणातली झाडे हलताना, संध्याकाळचे दिवे लागलेले, आपण दारातून आत जातो आहोत असा. त्यासाठी लुमियनसारखे सॉफ्टवेअर लागते आणि ते सगळे काम कार्डावरच टाकते. त्याच्या कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबी. तिथे ते खरोखरच अपुरे आहे. हे मात्र चौकोन रंगवायचेच काम, इथे मोठी शाळा पाहिजे.

"मंग घेऊ का जी बाई?"

मी म्हटले, असा व्हिडिओ मागणारे महिन्याला किती येतात ते आधी लिहून ठेव. घरून मी त्याला एक दोनशे पानी वही दिली. परवा फोन केला तेव्हा म्हणाला, चार झाले. त्यातल्या दोघांनी पैसे वेगळे द्यायची तयारी दाखवली, एक जण म्हणतो फुकट दे, आणि एकाने अजून प्लॉटच घेतलेला नाही.